आजोबांच्या चपला

आईला दाखल केल्यापासून वॉर्डाबाहेरचा बाक हेच माझं घर झालं होतं. एका दुपारी रुग्णवाहिकेवरची एक बाई पुरुषी चपलांचा जोड घेऊन दाराशी आली. एका चपलेचा अंगठा तारेने शिवलेला होता.

"दादा, काल आम्ही आणलेल्या आजोबांच्या या चपला गाडीत राहिल्या. कसे आहेत ते?"

"नातेवाईक आहात का?" रखवालदाराने विचारलं.

"नाही. वाटेत नाडी लागेना, तेव्हा मीच छाती दाबत आणलं त्यांना. बरोबर दाबलं की नाही, एवढं कळलं असतं तर..."

"ठेवा इथं. देतो."

तिने चपला बाकाखाली नीट जुळवून ठेवल्या आणि ती गेली.

मला रखवालदारापेक्षा त्या दाराचाच राग आला. शिंप्याला निदान कपडा अंगावर बसलेला दिसतो. हिचं काम दाराशीच संपतं. चुकलं असेल तर तेच पुन्हा चुकणार, आणि साधलं असेल तरी हिला कुणी सांगणार नाही. पुढच्या छातीवर हात ठेवताना ही कशाच्या भरवशावर ठेवणार?

चपला बरेच दिवस तिथेच होत्या. आईचं काही कळेना, तसं त्यांच्या धन्याचंही.

मग एका सकाळी मुलाचा हात धरून एक आजोबा बाहेर आले. रखवालदाराने बाकाखाली बोट दाखवलं. त्यांनी तारेच्या अंगठ्यात पाय सरकवला आणि ते हळूहळू जिना उतरले.

मी फाटकाकडे पळत गेले. रुग्णवाहिका उभी होती, पण तिच्यात दुसरीच बाई होती.

"कुणाला शोधताय?" तिने विचारलं.

मला नाव ठाऊक नव्हतं.