कुबड्या खडकाचा झरा आणि सासूची घंटी

ग्लिनिबाच्या कमरपट्ट्याला चांदीची एक घंटी होती, बोराएवढी. अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींच्यात सासूने जावयाचं तोंड बघायचं नाही आणि जावयाने सासूचं नाही. बघितलं तर डोळे जातात; बोलणंही मधल्या माणसाकरवीच. म्हणून ती कुठेही निघाली की आधी घंटी बोलायची आणि जावई बाजूला व्हायचा. रीत चांगलीच आहे. पण जावई दुकानदार असला आणि दुकान सासूच्याच झऱ्यावर असलं, तर बाईचा जीव किती मेटाकुटीला येईल, हे रीत घालून देणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं.

झरा तिचाच. कुबड्या खडकाच्या पोटातून पाणी निघायचं, झाडांखालून वाहायचं आणि पुढे वाळूत मुरायचं. आईकडून लेकीला, असा तो तिच्यापर्यंत आला होता. तिच्या तरुणपणी एक पिवळ्या मिशांचा पोरगेला गोरा दोन खेचरांची गाडी घेऊन आला आणि म्हणाला, खेचरांना पाणी पाजू का? ग्लिनिबाच्या आईने हो म्हटलं. भटाला दिली ओसरी! पुढच्या वर्षी तिथे तंबू लागला. तंबूत कॉफी, साखर, मखमलीचे तागे. मग दगडी भिंती उठल्या, वर पत्रा आला, लोकर तोलायचा काटा आला. दोन दिवसांच्या वाटेवरून लोक घोंगड्या घेऊन येऊ लागले. त्याचं खरं नाव टिलमन, पण सगळे त्याला मिशाळच म्हणायचे. भाषा त्याने घोटून शिकून घेतली, आणि मिशा पिकायच्या बेताला आल्या तेव्हा ग्लिनिबाच्या लेकीशी, देझबाशी, लग्न केलं.

लग्न ठरल्यापासून त्याने सासूकडे एकदाही बघितलं नव्हतं. घंटी वाजली की हातातला पिठाचा डबा तसाच ठेवून तो मागच्या खोलीत जायचा. लोक म्हणायचे, गोरा असून किती मान राखतो! ग्लिनिबाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कारण नातू रांगायला लागला त्या वर्षी मिशाळने झऱ्याच्या तोंडाला लोखंडी पाइप लावला. पाणी दुकानामागच्या टाकीत, टाकीवर कुलूप, आणि तिथून देझबाच्या स्वयंपाकघरात नळ. लांबून मोटारगाड्या यायच्या, त्यांनाही टाकीतूनच पाणी. खाली मेंढ्यांसाठी जो ओहोळ होता तो वीतभर राहिला, मग बोटभर.

"तुझ्या नवऱ्याला सांग," ग्लिनिबा दुकानात उभी राहून लेकीला म्हणायची, "मेंढ्या चिखल चाटतायत. पाइप काढ म्हणावं."

"सांगते गं आई."

"आज सांग. माझ्याच शब्दांत सांग."

"हो म्हटलं ना! बैस, कॉफी घे."

संध्याकाळी उत्तर यायचं: पीचच्या फोडींचा एक डबा. दर तक्रारीला एक डबा. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे लेकीला बोलून जावयाला काही लागत नव्हतं. त्यातून पीच तिला आवडायचे, याचा तिला आणखीच संताप यायचा. ती रागारागाने डबा संपवायची आणि रिकामा डबा दारातून भिरकावून द्यायची.

एकदा ती कुऱ्हाड घेऊनच निघाली. तिचा चुलतभाऊ हाश्की, जो दिवसभर दुकानातल्या शेगडीपाशी बूड टेकून असायचा, वाटेत आडवा आला.

"लेकीच्या घरावर कुऱ्हाड घालतेस?"

"मग तू जाऊन बोल त्याच्याशी! तुझे डोळे नाही जात."

"मी कशाला मध्ये पडू? लेक तुझी, जावई तुझा." आणि हसून म्हणाला, "पीचही तुझेच."

पुढच्या उन्हाळ्यात ओहोळ आटला. एका सकाळी तिने मेंढ्या खाली नेल्या, तर वाळू कोरडी. मेंढ्या तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. दोन कोकरं बसली ती उठेनात. ग्लिनिबाने कमरेची घंटी सोडली, शालीच्या टोकात घट्ट गाठ मारून बांधली आणि तडक दुकानाची वाट धरली.

"अगं थांब! तो आत आहे!" हाश्की दुकानातून ओरडला.

ती दारात उभी राहिली. मिशाळ काट्यापाशी होता. त्याने झटकन फळ्यांकडे तोंड फिरवलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"सासूबाई? घंटी कुठे गेली?"

"पाण्याबरोबर गेली," ग्लिनिबा म्हणाली. तिनेही नजर जमिनीवर ठेवली होती, पण तोंडाला आवर नव्हता. "माझ्या आईने तुझ्या खेचरांना पाणी पाजलं, जावईबापू. माझ्या मेंढ्या तिकडे मरतायत. इतके निरोप धाडले, तुला पीचच सुचतात?"

मिशाळ भिंतीलाच म्हणाला, "कसला निरोप? मला वाटलं ओहोळ वाहतोय. देझबा सांगायची, नळ लावलात ते आईला फार आवडलं. पीच तुम्हीच मागताय म्हणायची."

हाश्की हसायला गेला आणि थांबला.

मिशाळने एका हाताने डोळे झाकून दुसऱ्याने खिसा चाचपला आणि टाकीची किल्ली न वळता मागे काट्याकडे सरकवली. "आत्ता टाकी सोडा. पाइप मी संध्याकाळच्या आत काढतो."

ग्लिनिबाने किल्ली उचलली. स्वयंपाकघराच्या दारात देझबा उभी होती, कडेवर पोर, हात ओले.

"का गं?" ग्लिनिबाने विचारलं.

"तुझं ऐकून तो दुकान उचलून निघून गेला असता तर? आणि लहानपणापासून पाणी कोणी वाहिलं, आई? पाठीवर घडा घालून, तो चढ चढून? तू मेंढ्यांमागे होतीस. मी वाहिलं." तिने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. "एक नळ होता मला. एकच."

"मला म्हणायचंस."

"तुला? तुला कधी मेंढ्यांपुढे माणसाचं ऐकू आलंय?"

इतके दिवस ग्लिनिबाने जावयाच्या पाठीवर राग काढला, आणि जिच्याकडे बघायला कुठल्याच रीतीची आडकाठी नव्हती, तिच्याकडे तिने नीट बघितलंच नव्हतं. पण बाहेर मेंढ्या होत्या. ती किल्ली घेऊन निघाली.

ओहोळ पुन्हा वाहतो. एक कोकरू वाचलं, एक गेलं. देझबा पुन्हा घडा घेऊन चढ चढते; ग्लिनिबाने एकदा तो तिच्या हातून घ्यायला पाहिलं, तर तिने दिला नाही. पीचचे डबे बंद झाले.

घंटी पुन्हा कमरेला आली आहे. ती वाजली की मिशाळ अजूनही मागच्या खोलीत जातो. आता देझबाही उठून जाते. मग ग्लिनिबा स्वतःच फळीवरून कॉफी काढून घेते आणि रिकाम्या दुकानात थोडा वेळ उभी राहते.