बावीस बाया आणि अंगठ्याचं मशीन

एचआरमध्ये काम करणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची टंचाई कधी पडत नाही. एक फॉर्म आणि दुसरी किस्से. फॉर्म निदान वर्षाअखेरीस गठ्ठा बांधून माळ्यावर टाकता येतात. किस्से कुठे टाकणार? ते साचत जातात आणि मग कुणाच्या तरी लग्नात, पंगतीत भात येईपर्यंत तीन सांगून होतात! मागच्या महिन्यापर्यंत मात्र मी गप्प होते. त्यातल्या एका किश्शाचा शेवट कसा होणार ते मलाच माहीत नव्हतं. आता झाला एकदाचा, म्हणून सांगते.

आमची कंपनी खामगावच्या एमआयडीसीत. सोयाबीनचं तेल काढायचं, पाउचात भरायचं, ट्रकवर चढवायचं. माणसं दीडशेच्या आसपास आणि त्या सगळ्यांचं एचआर खातं म्हणजे मी एकटी. मी मूळची देऊळघाटची. माझी नोकरी नेमकी काय आहे हे आईला आजवर समजावता आलेलं नाही. ती शेजारणींना सांगते, "पोरगी हजेरी घेते." खरं सांगायचं तर तेवढंच करते मी!

*

सुरुवातीलाच स्टोअरसाठी मुलाखती घ्यायच्या होत्या. पुण्याच्या हेड ऑफिसने प्रश्न छापूनच पाठवले होते. धामणगाव बढे गावचा एक जण आला. इस्त्रीचा शर्ट, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. मी छापील प्रश्न विचारला, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

त्याने पिशवी मांडीवर नीट ठेवली. मग म्हणाला, "तुमच्या खुर्चीत."

"माझ्या?"

"हाव. तवपर्यंत तुमचं लगन होऊन जाईन ना, मॅडम!"

मी त्याला घेतला. इतकं स्पष्ट नियोजन आमच्या हेड ऑफिसकडेसुद्धा नाही! तो आता स्टोअर उत्तम सांभाळतो. माझं लग्न अजून झालेलं नाही आणि तो दर दिवाळीला अदबीने चौकशी करतो.

*

मग तक्रारपेटी आली. कुलूपबंद, भिंतीला ठोकलेली. मी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये जमवून सांगितलं, "मोकळेपणाने लिहा. नाव लिहायचं नाही. कुणी लिहिलं ते कुणालाच कळणार नाही."

आठवड्याने पेटी उघडली. पहिलीच चिठ्ठी: "चहा लय पातळ हाये. मॅडमने नाव लिहू नका सांगितलं म्हणून लिहिलं नाही. आपला विश्वासू, बॉयलरवाला." आमच्याकडे बॉयलर एकच आहे आणि तो चालवणारे भास्करभाऊही एकच!

दुसऱ्या चिठ्ठीवर पॅकिंग लाइनवरच्या बावीस बायांनी पंखा मागितला होता आणि खाली बावीसच्या बावीस सह्या होत्या. तिसरीवर सही नव्हती, पण मोबाईल नंबर होता, "काही लागलं तं फोन करा" म्हणून.

संपूर्ण पेटीत एकच चिठ्ठी खरोखर निनावी निघाली. तिच्यात लिहिलं होतं, "मॅडम चांगल्या हायेत." ती कुणाची, हे मी अजून शोधते आहे.

*

यानंतर आलं अंगठ्याचं मशीन. आत येताना अंगठा, जाताना अंगठा आणि आकडे थेट पुण्यात. पहिले दोन महिने मी मोठ्या कौतुकात होते. तिसऱ्या महिन्यात पुण्याहून मोठ्या साहेबांची मेल आली आणि मला जेवण जाईना.

पॅकिंग लाइनवर गैरहजेरी फार आहे, असं मशीन म्हणत होतं. रोज चार, कधी पाच. तीन महिन्यांत सुधारणा झाली नाही तर लाइन ठेकेदाराला देण्यात येईल. ठेकेदार आपली माणसं घेऊन येणार, म्हणजे आमच्या बावीस बाया घरी.

या बायांची म्होरकी म्हणजे सुनंदाताई. अकरा वर्षं त्याच लाइनवर. गळ्यातलं ओळखपत्र ती पदरात झाकून ठेवते, तेलाचा डाग पडू नये म्हणून. तिच्या धाकटीच्या कानाचं ऑपरेशन नोकरीच्या विम्यावर झालं होतं. मी मेल वाचून दाखवल्यावर ती एवढंच म्हणाली, "अकरा वर्सात कवा लाइन बंद पडली का, मॅडम?"

नव्हती पडली. मला फार वाईट वाटलं.

*

पुण्याने उपाय म्हणून एक प्रशिक्षक पाठवले. टाय लावलेले, उत्साही. कॅन्टीनमधली बाकं बाजूला सरकवली आणि म्हणाले, "डोळे मिटा आणि मागे पडा. तुमचे सहकारी तुम्हाला झेलतील. यातून विश्वास वाढतो, विश्वास वाढला की गैरहजेरी कमी होते!"

कुणी हलेना. त्यांनी भास्करभाऊंना पुढे बोलावलं.

"मी काऊन पडू?" भास्करभाऊ म्हणाले. "मले लागलं तं बॉयलर तुम्ही चालवसान का?"

प्रशिक्षक सुनंदाताईकडे वळले. ती हात जोडून म्हणाली, "साहेब, कोनी पडलं तं आमी झेलतोच. मुद्दाम कायले पाडता?"

प्रशिक्षकांनी त्या दिवशीचा कार्यक्रम चहावर आटोपला. चहा पातळच होता.

*

मध्येच आणखी एक फर्मान आलं: ज्यांच्या रजा साचल्या आहेत त्यांना सक्तीने सुट्टी द्या. भास्करभाऊंनी किती वर्षांत रजा घेतली नव्हती ते रजिस्टरलाही आठवत नव्हतं. अकोल्याहून दुसरा परवानाधारक माणूस बोलावला आणि त्यांना म्हटलं, "चार दिवस घरी आराम करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन सांगत आला, भास्करभाऊ गेटबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसलेत. मी बाहेर गेले. मान वर करून बॉयलरच्या चिमणीकडे बघत होते.

"भाऊ, तुम्ही सुट्टीवर आहात ना?"

"सुट्टीवरच हाओ, मॅडम. धूर पाहून राह्यलो." मग हलक्या आवाजात म्हणाले, "काळा सोडून राह्यला तो. हवा कमी पडते म्हना त्याले."

मी आत जाऊन सांगितलं. धूर पांढरा झाला. भाऊ उठले, पँट झटकली आणि समाधानाने सुट्टीवर गेले!

*

पण माझं चित्त त्या तीन महिन्यांत होतं. मी एकेकीला बोलावून गैरहजेरीचं कारण लिहून घ्यायला बसले. पहिली सुनंदाताई. मशीनच्या हिशेबाने त्या महिन्यात तिचे तीन खाडे होते. तारखा वाचून दाखवल्या.

"मी कुठं गैरहजर होती?" ती चक्रावली.

"अंगठा नाही तुमचा."

"अंगठा कसा राहीन? मी पोरीले घेऊन दवाखान्यात गेलती. पन माही जाऊ आलती ना लाइनीवर!"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी तशीच उठले आणि पॅकिंगमध्ये गेले. मशीनने त्या दिवशी चार गैरहजर दाखवल्या होत्या. मी मोजलं. बावीस! टोपी, मास्क, एप्रन, दिसतात फक्त डोळे. एकेकीला मास्क काढायला लावला, तर एक कुणाची जाऊ, एक नणंद, दोन भावजया! बायांचं सगळं गुपचूप चाललं होतं असंही नाही. सुपरवायझरला ठाऊक होतं. लाइन चालू आहे म्हणून तो बोलला नव्हता. ठाऊक नव्हतं ते फक्त हजेरी घेणाऱ्या बाईला, म्हणजे मला.

सुनंदाताईने मला समजावलं, तेही मीच काहीतरी चुकले असावे अशा मायेने. शेतात निंदणाला, म्हणजे खुरपणीला, टोळीसोबत शब्द दिला की प्रत्येकीच्या वाट्याला एक पात येते, पिकाच्या ओळींचा एक पट्टा. अडचण आली तर घरातलं दुसरं माणूस पाठवायचं. "पात रिकामी ठेवली तं बाकीच्याईवर भार पडते ना. मंग तोंड कसं दाखवायचं? इथंबी तसंच. मानूस तं पाठवला ना आमी!"

मी रागावले, खरंच रागावले. न शिकलेल्या बाईचा हात सीलिंग मशीनमध्ये गेला असता तर? माझा आवाज चढला तशी सगळी लाइन खाली मान घालून उभी राहिली. आणि रागावता रागावताच मला कॉलेजात पाठ केलेला एक शब्द आठवला. बदली कामगार! कायम माणूस नसेल त्या दिवशी त्याच्या जागी येणारा, रीतसर नोंद असलेला. आमच्या बायांनी चूक केली होती ती एवढीच, की कायद्यातली सोय त्यांनी कायद्याला न विचारता वापरली होती.

मग मी धावपळ केली. जावा, नणंदा मिळून नऊ जणी. त्यांचे फॉर्म भरले, मशीनवर रीतसर शिकवलं, त्यांचे अंगठे घेतले. एका पानाचा प्रस्ताव केला: पॅकिंग लाइन कंपनीकडेच राहावी आणि या नऊ जणींची बदली कामगार म्हणून नोंद व्हावी. खाली मंजुरीसाठी मोठ्या साहेबांचं नाव आणि हुद्दा छापून पुण्याला पाठवला. उत्तर आलं, "मंगळवारी प्रत्यक्ष येऊन निर्णय देतो."

*

मंगळवारी गाडी आली. उतरला एक तरुण अधिकारी, एकटाच. कॅन्टीनमध्ये बावीसजणी समोर बसलेल्या, नऊजणी मागे भिंतीला टेकून उभ्या.

त्याने प्रस्ताव समोर ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. "साहेबांना अचानक दिल्लीला जावं लागलं. त्यामुळे त्यांच्या जागी मी आलोय. तुमच्या भावना मी समजू शकतो, पण शिस्त म्हणजे शिस्त. ज्याची ड्युटी, त्यानेच हजर राहायला हवं. स्वतःच्या जागी दुसऱ्याला पाठवणं कुठल्याच कंपनीत चालत नाही."

मला वाटलं, संपलं.

सुनंदाताई हळूच उभी राहिली. ओळखपत्र पदराबाहेर काढून नीट केलं आणि अगदी साध्या, चौकशीच्या आवाजात विचारलं, "मंग मोठ्या साहेबाचा आज खाडा लागला का?"

भिंतीजवळच्या कुणीतरी पदर तोंडात कोंबला. भास्करभाऊ दारात उभे होते, ते बॉयलरकडे निघून गेले. अधिकारी माझ्याकडे बघायला लागला. मी पंख्याकडे बघत होते. पंखा चांगला चालला होता.

तो उठला, मोबाईल घेऊन बाहेर गेला. खिडकीतून दिसत होता, फेऱ्या मारत बोलत होता. एकदा थांबला, डोकं खाजवलं, मग चक्क हसला. मी सुनंदाताईचा हात धरला, तर तो घामाने ओला होता.

आत येऊन त्याने खुर्ची ओढली आणि पेन मागितलं. प्रस्ताव पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटी मंजुरीच्या जागी मोठ्या साहेबांचं छापील नाव होतं. तिथे त्याने पेन टेकवलं. सुनंदाताई त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

मग त्याने त्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं, "करिता", आणि स्वतःची सही ठोकली.