बाही सोडायची नाही

मी नववीपर्यंत शिकले, जसं बोलते तसंच लिहिते. शाळेत आम्हाला कबड्डी शिकवणाऱ्या मॅडमनी शहाद्याला ब्राझिलियन जिउ-जित्सूचा क्लास काढला आणि मी कळसाडीहून रिक्षाने जायला लागले. पोरगी दीड वर्षाची, ती सासूकडे. सासूने सांगून ठेवलेलं, जिल्ह्याच्या निवडीपर्यंत सांभाळीन, तिथं कुणाला पाडता आलं नाही तर क्लास बंद.

आणि मला पाडताच येत नव्हतं. कुस्तीसारखं उभ्याने सुरू होतं, पण मी आपणहून खाली बसायची आणि बसूनच खेळायची. पडायची भीती. पोरगी सिझरची, पाठीवर आपटले की टाके उसवतील असं वाटायचं. डॉक्टरीणबाईंनी सगळं भरलंय म्हणून सांगितलेलं, तरी वाटायचं.

मॅडमनी टांग शिकवली. समोरच्या बाईची बाही ओढायची, तिचा तोल गेला की पायाने तिचा पाय उडवायचा. माझ्या जोडीला एक शिक्षिका, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांना माझा पाय लागला की माझा हात बाही सोडायचा, त्यांना शिवून माझ्या छातीला लागायचा. तेवढ्यात मीच खाली. रोज तेच. मॅडम म्हणाल्या, “पाया पडायचं ते घरी. इथं बाही सोडायची नाही.” सगळ्या हसल्या. मीपण हसले, पण सकाळपासून कापूस वेचून आलेली, हसायलाही दम नव्हता.

निवडीला नंदुरबारला समोर एक पोलीसबाई आली, तीपण वयाने मोठीच. माझा पाय लागला, हात गेला, आणि मी धाडकन पाठीवर. श्वासच थांबला. आधी पोट चाचपलं. काही झालं नव्हतं. उठले, पुन्हा धरलं, पुन्हा पाय लागला. हात निघालाच होता, तो मी तिच्या बाहीतच आवळून धरला. ती पडली आणि मी तिच्या अंगावर. तरी तिचे गुण जास्त झाले. माझी निवड झाली नाही.

घरी आले तर सासू दारातच पोरीला घेऊन उभी.

“पडनी का?”

“पडनू. पन तिले पाडं बी.”

तिने पोरीला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “मंग आते भाकरी टाकीसन जात जाय.”

संध्याकाळची भाकरी टाकून क्लासला जायचं म्हणजे कापूस वेचायला अजून तासभर आधी उठायचं. मी हो म्हटलं आणि पोरीला घेऊन तिथंच भिंतीला टेकले.