छायाताईंची तोंडी परीक्षा

कुणीही प्राध्यापक खोलीत आला की छायाताई उठून उभ्या राहायच्या. न्यू जर्सीतल्या आमच्या विद्यापीठात असं कुणी करत नाही. इथे विद्यार्थी समोरच्या खुर्चीवर पाय टाकून प्राध्यापकाला नावानं हाक मारतो आणि प्राध्यापक खुशीत ‘हाय’ म्हणतो. एकदा वनस्पतिशास्त्राच्या सेमिनारला विभागप्रमुख बाई उशिरा आल्या, हातात अर्धवट खाल्लेलं सँडविच घेऊन. सगळी खोली बसलेली आणि एकट्या छायाताई उभ्या. बाईंना वाटलं, हिला काही विचारायचंय. त्या थांबल्या. छायाताईही थांबल्या. शेवटी बाई म्हणाल्या, “येस?” छायाताई म्हणाल्या, “गुड आफ्टरनून, मॅडम,” आणि बसल्या.

त्यांच्याच विभागातल्या अनिकेतनं हा प्रकार आमच्या किचनमध्ये अभिनयासकट करून दाखवला, तेव्हा सगळ्यांत जास्त छायाताईच हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, “हसा, हसा. गुडघे माझं ऐकतच नाहीत, त्याला मी काय करू?”

मी त्यांच्यासोबत एका अपार्टमेंटमध्ये राहत होते. माझा विषय समाजशास्त्र, आणि उरलेला सगळा वेळ विद्यार्थी-कामगारांची, म्हणजे शिकता शिकता विद्यापीठात शिकवणाऱ्यांची युनियन. नागपूरला कॉलेजच्या गेटवर पत्रकं वाटत मोठी झालेली मुलगी मी. मला कुणापुढे उभं राहायची सवय नाही, कुणासमोर ठाण मांडून बसायची आहे. छायाताई माझ्या टेबलावरची पत्रकं वाचायच्या आणि पेपर तपासावा तशी शुद्धलेखनाची एखादी चूक दाखवायच्या. “मजकूर ठीक आहे. पण किती ओरडायलीस गं कागदावर!”

परभणीकडच्या एका कॉलेजात त्या बीएस्सीला शिकवत होत्या. प्राध्यापक होण्यासाठी लागणारी सेट परीक्षा त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या होत्या. तरी नोकरी वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की तुम्ही कुणीच नाही, आणि दर जूनला त्याच टेबलासमोर पुन्हा मुलाखत. जो माणूस पात्र आहे असं सरकारनं छापून दिलंय, त्याला दरवर्षी पुन्हा पात्रता विचारायची! मी ह्याला सरळ लूट म्हणते. छायाताई म्हणायच्या, “जागा निघाल्या की होऊ कायम.” जागा निघाल्या नाहीत. शेवटी चाळिशी जवळ आल्यावर त्यांनी इकडे पीएचडीचा अर्ज टाकला. नवरा म्हणाला, “तू जा, इथलं मी बघतो.” त्या आल्या. “कुठं का होईना,” त्या म्हणायच्या, “मला एकदा कायमची मास्तरीण व्हायचंय. बस.”

मास्तरीण तर त्या होत्याच. पहिल्या वर्षाच्या अमेरिकन पोरांचं प्रॅक्टिकल त्यांच्याकडे होतं. इथे काचपट्ट्या, म्हणजे स्लाइड्स, तयार येतात, बघायच्या आणि विसरायच्या. छायाताईंनी पिशवीभर बटाटे नेले. बटाट्याला खाच पाडून त्यात देठ धरायचा आणि ब्लेडनं पारदर्शक काप काढायचा, हे त्यांनी त्या पोरांना शिकवलं. पोरं वेडी झाली. मी एकदा त्यांना न्यायला गेले होते, तर एक उंच मुलगा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कुरकुरत होता, काहीच दिसत नाही म्हणून. छायाताई त्यांच्या त्या ठोकळेबाज इंग्रजीत म्हणाल्या, “नजर बसू दे. झाड कुठं पळून जात नाही.” थोड्या वेळानं तो मुलगा ‘ओह!’ म्हणून ओरडला आणि छायाताईंचा चेहरा असा झाला, जसं काही तो काप त्याच्यासाठी त्यांनीच जन्माला घातला होता.

आता ‘क्वाल्स’. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी ही परीक्षा असते. आधी लेखी, मग समितीसमोर तोंडी. पास झालात तर संशोधन करा, पुढेमागे प्राध्यापक व्हा. नापास झालात तर मास्टर्सची पदवी हातात देऊन बाहेर. परदेशी असाल तर व्हिसाही गेला. दुसरी संधी द्यायची की नाही, हे समितीच्या मर्जीवर. मर्जी हा शब्द नियमावलीत असू शकतो, हे मला इथे येऊन कळलं.

लेखी परीक्षेत छायाताई विभागात पहिल्या आल्या. तोंडीसाठी दर रविवारी आमच्या किचनमध्ये तालीम चालायची. अनिकेत परीक्षक, हातात डोसा.

“बोला ताई, व्हाय धिस मेथड?”

“सर, कारण की…”

“अहो मला काय सर! मी तुमच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे यार.”

“परीक्षेला बसलास ना समोर? मग सर. पुढचं विचार.”

सगळी उत्तरं त्यांना येत होती. त्यांनीच घासून घेतलं म्हणून अनिकेत त्याच्या तोंडीतून आदल्या सत्रात पार पडला होता.

परीक्षेच्या दिवशी त्या दुपारी घरी आल्या, चपला काढल्या आणि तशाच कणीक मळायला लागल्या. मी विचारलं, “कशी झाली?”

“समितीतल्या मोठ्या सरांनी एक काचपट्टी दाखवली पडद्यावर,” त्या म्हणाल्या. “अन् म्हणाले, ह्या मुळाबद्दल सांग.”

“मग?”

“खोड होतं ते.”

मला काही कळेना. त्यांनी पिठाच्या बोटानं ओट्यावर दोन गोल काढले. पाणी वर नेणाऱ्या नळ्या आणि अन्न खाली आणणाऱ्या नळ्या खोडात एकाच पुंजक्यात असतात, मुळामध्ये आलटून पालटून. वनस्पतिशास्त्राच्या बाराखडीतला हा पहिला धडा. परभणीत त्यांनी तो शेकडो पोरांना शिकवला होता.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“‘येस, प्रोफेसर’ म्हणाले मी. अन् मुळाबद्दल सांगत बसले.”

“पण का, ताई?”

“एवढा मोठा माणूस. चार जण समोर बसलेले. त्यांच्यासमोर त्यांना चुकलात म्हणू?” कणीक केव्हाच मळून झाली होती, तरी त्यांचे हात थांबत नव्हते. “बोलताना चुकले असतील, असं वाटलं. माणूस चुकतो.”

ते चुकले नव्हते. निकाल आला: नापास, स्वतंत्र विचाराचा अभाव, दुसरी संधी नाही. अनिकेतनं वर्गातल्या अमेरिकन मुलांना विचारलं, तेव्हा ती आश्चर्यानं म्हणाली, हे तर सगळ्यांना माहीत आहे. ते सर तोंडीत एक वाक्य मुद्दाम चुकीचं बोलतात आणि विद्यार्थी अडवतो का ते बघतात. अनिकेतच्या समितीत ते सर नव्हतेच, म्हणून त्याला हे ठाऊक नव्हतं. आणि सगळ्यांना हे कुठे कळतं? शुक्रवारी संध्याकाळी, बिअरच्या टेबलावर. छायाताई शुक्रवारी संध्याकाळी परभणीला फोन लावायच्या. नियमावलीत नसलेला प्रश्न, ज्याचं उत्तर बारमध्ये मिळतं, तो विचारायचा आणि त्याला गुणवत्ता म्हणायचं! आयुष्यभर जिला सांगितलं की मोठ्यांना उलट बोलू नकोस, तिला एका दुपारी न सांगता उलट बोलायला लावायचं आणि नाही बोलली की हाकलायचं!

मी युनियनमधून तक्रार उभी केली. मुद्दे पक्के होते. डीनच्या ऑफिसात सुनावणी लागली आणि मी शेजारी बसले. डीनबाईंनी छायाताईंनाच विचारलं, तुमच्या मते परीक्षा अन्यायकारक होती का? एक ‘हो’ पुरला असता.

छायाताई उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “ते खोड होतं. मला दिसलं होतं. मी बोलले नाही. माझ्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं, तर मीही मार्क दिले नसते.”

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी भांडले. “ताई, ही काय सत्य बोलायची वेळ होती?”

“मग कोणती असती गं?” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता.

तक्रार फेटाळली गेली. परतीच्या दिवशी त्या प्रयोगशाळेची किल्ली परत द्यायला गेल्या. मी गाडी आणली होती, सोबत आत गेले. ऑफिसच्या दाराशीच ते सर भेटले. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवून तयार होते. पण माणूस खलनायकासारखा दिसेना, हीच पंचाईत. पांढरी दाढी, कोपरावर विरलेला स्वेटर. त्यांनी छायाताईंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि खऱ्याखुऱ्या दुःखानं म्हणाले, “छाया, ते खोड आहे हे तुला ठाऊक होतं, याची मला खात्री होती. तुझी लेखी मी वाचली होती. तू मला अडवशील म्हणून मी वाट बघत राहिलो.”

छायाताई म्हणाल्या, “थँक यू, प्रोफेसर.”

गाडीत बसल्या, पट्टा लावला. न्यूअर्कच्या विमानतळाच्या फाट्यावर लाल सिग्नल लागला. निकालाच्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या, सुनावणीलाही नाही. त्या फाट्यावर रडल्या, तोंडावर ओढणी दाबून, पाठीचा कणा मोडल्यासारख्या.

“त्यांना ठाऊक होतं गं,” त्या म्हणाल्या. “मला येतंय, हे त्यांना ठाऊक होतं. मग परीक्षा कशाची घेतली?”

ह्या प्रश्नावर मी पुढे चार पानी पत्रक लिहिलं. त्या दिवशी मात्र सिग्नल हिरवा झाला, मागची गाडी हॉर्न द्यायला लागली, आणि मी त्यांना विमानतळावर सोडून आले.