तिरकी रेघ

बसवनगुडीतल्या जनुक-तपासणी केंद्रात एक कारकून आहेत, ते घराण्याचा तक्ता काढतात. बोली निपाणीकडची. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी माणूस आतून काळा. सगळं पेननं, ठसठशीत. "नात्यात लगीन हाय काय, अक्का?" एवढं मात्र मान वर न करता विचारतात. मला आतेभावालाच दिलेली. त्यांनी आम्हा दोघांमध्ये दुहेरी रेघ ओढली आणि खाली माझ्या लेकाचा चौकोन काळा केला.

गेलेल्या माणसावरची तिरकी रेघ तेवढी ते पेन्सिलीनं, पुसट मारतात.

परवा, पुन्हा दिवस राहिल्यावर तिसऱ्या महिन्यात, परत गेले. जुना तक्ता काढत त्यांनी विचारलं, "पोरगं बरं हाय न्हवं?"

"गेला."

"सरी," असं कानडीतलं 'बरं' म्हणत त्यांनी पेन्सिल उचलली आणि काळ्या चौकोनावर रेघ मारली. मग शेजारी, पोटातल्या बाळासाठी, ना चौकोन ना गोल, शंकरपाळ्यासारखी चौकट काढली.

हातात अजून पेन्सिलच होती.