माझं खासगी धुकं

माझ्या डोळ्यांचा नंबर उणे साडेसात आहे आणि मला स्कीइंग येत नाही. तरीही आमच्या नऊ वर्षांच्या सईच्या स्की-बॅजसाठी मीच हवा होतो!

नियमच तसा. स्कीइंगच्या बंदिस्त हॉलमधल्या कृत्रिम बर्फाच्या उतारावरून मुलानं घरच्या एका मोठ्या माणसाबरोबर न पडता खाली यायचं, तरच बॅज. (आमच्या सौ., विद्या, पहिल्याच धड्याला गुडघा सुजवून मोकळ्या झाल्या होत्या. हुशार बाई!) "बाबा, तू पडला तर माझी बॅज गेला," इंग्लंडात वाढलेली सई तिच्या मराठीत आठवडाभर बजावत होती. बेसिंगस्टोकच्या ऑफिसात भर मीटिंगमध्ये मी टेबलाखाली गुडघे वाकवून सराव करत होतो.

त्या दिवशी हॉलमध्ये मी चष्म्यावर गॉगल चढवतोय, तोच विद्या माकडटोपी घेऊन लंगडत आली.

"ही आत घाल."

"अगं, वर हेल्मेट आहे!"

"हेल्मेटला ऊब असते का? घाल मुकाट्यानं."

घातली. नाक-तोंड गच्च बंद. आता श्वासाला एकच वाट उरली, वर, थेट गॉगलमध्ये! उताराच्या माथ्यावर पोचेपर्यंत आत असं धुकं दाटलं, की मला माझं नाकही दिसेना. टोपी काढावी, तर जाड हातमोज्यांनी हेल्मेटचा पट्टा सुटेना.

"माझ्या लाल जॅकेटच्या मागे या," इन्स्ट्रक्टर बाई म्हणाल्या. मला लाल काहीतरी दिसलं. निघालो. लाल जवळ आलं. फारच जवळ आलं. आणि हलेना!

"बाबा! ते पोल आहे!" सई किंचाळली.

लाल गादी गुंडाळलेल्या त्या खांबाला मी कडकडून मिठी मारली, म्हणून उभा तरी राहिलो.

"प्लीज बाबा, पडू नको ना." तिचा आवाज रडवेला झाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सई, मला काही म्हणजे काही दिसत नाहीये गं!"

मग पोरगी पुढे झाली आणि ओरडत सुटली. "बाबा, लेफ्ट! अरे, तुझा लेफ्ट! पिझ्झा कर, पिझ्झा!" (म्हणजे स्कीची टोकं जुळवून ब्रेक लावणे. खायला काही नव्हतं.) मी निमूटपणे वळलो, थांबलो, घसरलो, देवाचं नाव घेतलं आणि चक्क उभ्यानं खाली पोचलो!

खाली कॅफेतली सगळी माणसं टाळ्या वाजवत होती. बाईंनी सईला बॅज दिला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "दृष्टी नसताना केवढं हे धाडस! आणि काय गुणाची मुलगी!"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. सईनं कोपर मारलं.

"बाबा, चूप!"

झालो चूप. बाई कौतुकानं आम्हाला पोचवायला थेट पार्किंगपर्यंत आल्या आणि हात हलवत उभ्याच राहिल्या. विद्याला गाडी चालवता येत नाही आणि मी तर आता आंधळा! त्यामुळे बाई आत जाईपर्यंत, तब्बल वीस मिनिटं, आमचं अख्खं कुटुंब मागच्या सीटवर बसून होतं!