टीएसएच वाढला आणि मी खूश झालो

"साहेब, रिपोर्ट मस्त आला! मागच्या बारी बारा होता, आता अठरा हाये!"

भंडाऱ्याच्या दवाखान्यात हे मी छाती फुगवून बोललो. रिपोर्ट बायकोच्या थायरॉइडचा. हिमोग्लोबिन वाढलं की सगळे खूश होतात. मला वाटलं, टीएसएचचंही तसंच.

डॉक्टर हसला. कंपाउंडर हसला. दारातले पेशंट हसले. मग मीही हसलो. जुनी सवय. मोठा माणूस हसला की आपण हसायचं, आपल्यावरच का असेना.

"धान मोजून राहिला काय रे? कितवी शिकला?" डॉक्टरने विचारलं.

माझ्या डोक्यावर केस उरले नाहीत, पोरगी लग्नाची झाली. आणि 'रे'.

मग त्याने बायकोकडे पेन रोखलं. "ही गोळ्या खात नाही. फेकते. आणि इथे येऊन खोटं बोलते. डोस वाढवतो."

"रोज खाते जी," ती म्हणाली. त्याने मान वर केली नाही.

आता खरं सांगतो. हा संशय माझाही होता. गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले, तरी तिचे केस गळतच होते, पाय सुजतच होते. धानाचं रोवणं करता करता ती थकून बांधावर बसायची. म्हणून मी तिच्या नकळत पाकिटातल्या गोळ्या मोजायचो. मोजणी बरोबर निघाली, तर फेकल्या असतील म्हणून उकिरडाही पाहून आलो. असा मी हेर!

पण तेच चारचौघांत दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. तिने पदर तोंडाला लावला. माझी मलाच लाज वाटली.

कंपाउंडरने पुढचं नाव पुकारलं. मी उठलो नाही.

"डॉक्टरसाहेब, मले 'तुमी' म्हणा. अन् हा आकडा समजावून सांगा. तवाच उठतो."

"वेळ नाही माझ्याकडे."

"आमच्याजवळ हाये. सकाळच्या एसटीनं आलो."

दात आवळून त्याने सांगितलं. मेंदूखालची एक ग्रंथी गळ्यातल्या थायरॉइडला हुकूम सोडते. तो हुकूम म्हणजे टीएसएच. थायरॉइड ढिली पडली की हुकूम वाढतो. म्हणजे रोवणाऱ्या बाया थकल्या की मुकादमाचा आवाज चढतो, तसं. अठरा हा कामाचा आकडा नव्हता, ओरडण्याचा होता. एवढं सोपं! तीन महिन्यांआधी काहून नाही सांगितलं?

"गोळी घेता कशी?" त्याने पहिल्यांदाच विचारलं.

"चहासंगं. टोस्ट खाऊन," बायको म्हणाली. "उपाशीपोटी औषध कोन खाते जी?"

पेन थांबलं. "ही गोळी उपाशीपोटीच घ्यायची. नुसत्या पाण्यासोबत. चहा अर्ध्या-एक तासाने."

"हे आमाले कोनं सांगतलं होतं?"

आता कोणी हसलं नाही. वाढवलेला डोस त्याने आपल्याच हाताने खोडला. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा, म्हणाला.

स्टँडवर लागलेल्या साकोलीच्या बसमध्ये बसलो. मी मिशीवर हात फिरवत म्हटलं, "कसा जागेवर बसवला त्याले?"

ती खिडकीबाहेर पाहत होती. "त्यानं मले खोटी म्हटलं, तो परका. तुमी तं उकिरडा पाह्यला. मी तुमाले पाहून राहिली होती. पुढच्या बारी डॉक्टरसमोरच्या खुर्चीवर मी बसीन. मीच विचारीन. तुमी भायेर बसजा."